तब्येतबाई

मला तबिथाबाई आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं मी तिच्याविषयी दोन बरे शब्द बोलले तर आमची मैत्री होती असं कुणाला वाटायचं. मैत्री नव्हती. दोन वर्षं आम्ही एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहिलो, एकाच ओसरीवर बसून तांदूळ निवडले, आणि तेवढ्या काळात सकाळी उठल्याउठल्या तिचं तोंड दिसू नये म्हणून मी कितीदा तरी दार उशिरा उघडलं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. मनात कधीच केलं नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी त्या गावात ग्रामसेविका म्हणून गेले. मारेगावच्या पुढं सात मैल, त्यातले चार बैलगाडीचे. बायकांना शिवण शिकवायचं, परसात भाज्या लावायला सांगायच्या, धूर कमी करणारी चूल बांधून दाखवायची, हे माझं काम. सरकारनं गावाबाहेर कवेलूंच्या छपराच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. एक माझी. दुसरी सहा महिने रिकामी होती, आणि मग तिथं बाळंतपणाची नर्स आली.

नाव सांगितलं तबिथा. पाटलांच्या ओसरीवर तिनं ते दोनदा सांगितलं, तरी कुणाच्या जिभेवर बसलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "तब्येत पाहाले आली ना, मंग तब्येतबाईच म्हणा." तेच नाव पडलं. ती उंच होती, हाडापेरानं रुंद, पायांत पुरुषी चपला, पांढरं लुगडं घोट्याच्या वर चार बोटं. कपाळ मोकळं. "नवरा कुठी असते?" असं बायकांनी विचारलं की "केलाच नाही" म्हणायची. पुढं काही विचारायची सोय उरायची नाही. खांद्याला एक खाकी पिशवी असे. तिच्यात कात्री, उकळलेले दोरे, साबण, आणि मेणकापडात गुंडाळलेलं तिचं शास्त्र.

ख्रिस्ती बाई, रोज सकाळी शास्त्र वाचणारी, म्हणजे मऊ बोलणारी असेल अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात उडाली. गावच्या म्हाताऱ्या सुइणीनं एका लेकराची नाळ विळ्यानं कापली होती. तबिथाबाईनं तो विळा हिसकून अंगणात फेकला आणि त्या म्हातारीला जे बोलली, ते मी इथं लिहू शकत नाही. सगळं गाव गोळा झालं. दुसऱ्या दिवशी भरउन्हात ती म्हातारीच्या दारात जाऊन उभी राहिली. "काल मी तुमच्या मायबापाले शिव्या देल्या. त्याची माफी मागाले आली. विळ्याची नाही मागत. विळा पुन्हा दिसला तर पुन्हा फेकीन."

म्हातारीला हे कळेना की बाई माफी मागते आहे की धमकी देते आहे. मलाही कधी कळलं नाही.

तिचा राग हा तिचा जन्माचा रोग होता. तिला तो माहीत होता, आणि ती त्याच्याशी रोज भांडायची. आपल्या मनात नव्हे, ओसरीवर, माझ्यासमोर. राग चढायला लागला की थांबायची. मान जरा तिरकी करायची. "आला वाटते," म्हणायची. मग दात आवळून, "बस तिथंच." आणि दोन बादल्या उचलून विहिरीवर जायची. घरात सगळे हंडे भरलेले असले तरी जायची, पाणी शेवग्याच्या झाडाला ओतायची आणि पुन्हा जायची. तिच्या शेवग्याखाली चिखल दिसला की मी समजायची, आज बाईचं कुणाशी तरी वाजलं आहे.

गावाला ते पुटपुटणं मंत्रासारखं वाटायचं. मला ते ढोंग वाटायचं. मी एकदा विचारलंच, "हा कोण येतो तुमच्याकडे रोज?"

"तुमच्याकडे नाही येत?" तिनं विचारलं.

"नाही बा."

"येत असन. तुम्ही त्याले चहा देत असान, म्हणून कळत नाही."

अशी ती बोलायची. मग दिवसभर मला काम सुचायचं नाही.

तिच्या शास्त्रातली एकच गोष्ट ती पुन्हापुन्हा सांगायची. तिचा प्रभू रानात चाळीस दिवस उपाशी होता, आणि सैतान येऊन म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. इथवर सांगून ती थांबायची. "पाहा, बाई. त्यानं काही वंगाळ मागतलं का? दारू मागतली? बाई मागतली? भाकर मागतली. उपाशी माणसानं भाकर खावी, यात पाप कोणतं? पण कोण सांगून राह्यलं, ते पाहा ना. आपण सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतच नाही. भाकरीकडे पाहतो." भुरक्या रंगाचा दगड पायाखाली आला तरी तिला ती गोष्ट आठवायची. मला पाठ झाली होती.

पण सगळ्यांत असह्य होत्या तिच्या माफ्या. एका रविवारी मी केस विंचरत बसले होते. ती दारात येऊन उभी राहिली, शाळेत उभं केल्यासारखी.

"बाई, परवा मी तुम्हाले मनात आळशी म्हटलं. अजून एक वाईट शब्द म्हटला. माफी मागाले आली."

"मला तर माहीतच नव्हतं!"

"मले माहीत होतं ना."

"मग देवाकडं मागायची. मला सांगायची काय गरज?"

"देवाकडे मागतली. पण काल तुम्ही हसून बोलल्या माझ्याशी, तवा मले तुमच्या तोंडाकडे पाहवलं नाही."

माफी मागून ती हलकी होऊन गेली. तो दुसरा वाईट शब्द कोणता असेल, याचा विचार करत मी आठ दिवस जळत राहिले. तिची पापं अशी माझ्या दारात आणून टाकायचा तिला काय अधिकार होता, हे मला आजही कळलेलं नाही.

तरी लोक तिच्याकडे येत. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात तिचं फार चालायचं. चिखल असो, ऊन असो, बोलावणं आलं की बाई पिशवी घेऊन निघाली. तांड्यातल्या बायका गावात कुणाशी फार बोलत नसत. तिच्याशी मात्र हसत, तिला आपल्या बोलीतले शब्द शिकवत, आणि तिनं ते चुकीचे उच्चारले की पोट धरून हसत. तिला हसलेलं चालायचं. मी हसले की चालायचं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पोळ्याला पाटलांच्या वाड्यातून तिच्याकडे करंज्यांचं ताट आलं. आमच्याकडे सहसा असं ताट यायचं नाही. आलं तर माझ्याकडे यायचं. ताट घेऊन स्वतः पाटलीणबाई आल्या होत्या, आणि हे त्याहून नवल होतं. पाटलीणबाई म्हणजे गावातलं शेवटचं न्यायालय. त्या उंबऱ्याबाहेर पडल्या की बैलसुद्धा बाजूला होत.

आणि तबिथाबाईला गोडाचा फार सोस होता. गूळ दिसला की तिचा हात आपोआप पुढं जायचा. ती तो हात दुसऱ्या हातानं मागं घ्यायची. त्या दोघी आत काहीतरी हळू बोलल्या. मग दार उघडलं आणि पाटलीणबाई ताट तसंच हातात घेऊन, ओठ मिटून, बाहेर पडल्या. ताटावर झाकलेला रुमालसुद्धा हललेला नव्हता.

"तुम्ही परत केलं?" मी न राहवून विचारलं. "करंजी खाल्ल्यानं तुमचा धर्म बुडतो का?"

तिची नजर अजून त्या ताटाच्या मागं जात होती. गिळल्यासारखं करून म्हणाली, "करंजी लय चांगली होती, बाई. तुपातली. वास अजून येऊन राह्यला."

"मग?"

"मग काही नाही." आणि बादल्या उचलल्या.

मला वाटलं, काय ही मिजास. सणाचं ताट परत करते! मी हे चार ठिकाणी बोलले. मला बोलायला आवडायचं, आणि त्या दिवसांत माझं ऐकायलाही बायका बसत.

पंधरा दिवसांत पाटलांच्या विहिरीवर तिला बंदी झाली. आजवर चाललं ते सरकारी माणूस म्हणून. पण मूळची ती कोण, हे आता सगळ्यांना एकदम आठवलं. पाटलांचा गडी येऊन सांगून गेला. दूधवाल्यानं दूध बंद केलं. धोबिणीनं कपडे बांधून परत आणून टाकले. तबिथाबाई तिरकी मान करून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "बस तिथंच," ती म्हणाली आणि बादल्यांना हात घातला. मग तिच्या ध्यानात आलं की आता जायला विहीर नाही. एवढ्या मोठ्या बाईला असं मध्येच थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

ती अर्ध्या मैलावरच्या नाल्यावर जाऊ लागली. माझी विहीर चालू होती. मी तिला एक घागर देऊ शकले असते. भिंतीपलीकडे तर द्यायची होती. दिली नाही. पाटलीणबाईंशी वाकडं घेऊन मला तिथं नोकरी करता आली नसती, असं मी स्वतःला सांगत असे. पण खरं हे की तिला नाल्यावरून पाणी आणताना पाहून मला बरं वाटायचं. आता कळू दे, असं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात आमचं शेवटचं बिनसलं. माझी बहीण यवतमाळला होती. तिच्याकडे मी रजा न घेता तीन दिवस जाऊन राहिले. बाजार केला, सिनेमा पाहिला. नेमके त्याच वेळी आमचे साहेब जीपनं तपासणीला आले. मी निघताना तबिथाबाईला सांगितलं होतं, "कुणी आलं तर मला ताप आहे, मारेगावला दवाखान्यात गेले म्हणा."

तेव्हाच ती म्हणाली होती, "मी असं नाही म्हणणार, बाई."

मी ते हसण्यावारी नेलं. इतकं कोण पाळतं?

तिनं साहेबांना सांगितलं, "त्या कुठी गेल्या ते मले माहीत हाय. पण ते त्यांनाच विचारा." झालं. मला कागद आला, खुलासा मागवला गेला, माझी वर्षाची पगारवाढ अडली. मी परत येऊन तिच्या दारात उभी राहून तासभर बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक शब्द खोटा बोलणं मले फार सोपं होतं. तुम्ही चांगल्या म्हटल्या असत्या मले. मले तेच पायजे होतं, म्हणून नाही बोलली."

माझ्या नोकरीच्या जिवावर तिनं आपला मोह जिंकला होता! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. भिंतीपलीकडून तिचं सकाळचं वाचन सुरू झालं की मी मुद्दाम परातीत धान्य ओतायची, आवाज व्हावा म्हणून.

मग होळीच्या सुमारास ती दोन दिवस नाहीशी झाली. रजेचा अर्ज तिनं पाठवला होता, पण मंजुरी यायच्या आधीच ती निघाली. कुठं जाते ते कुणाला सांगितलं नाही. आणि त्याच दोन दिवसांत तांड्यातली एक बाई, रामली, महिनाभर आधीच अडली. तांड्याचे लोक धावत आले तेव्हा दाराला कुलूप. मीच त्यांना सांगितलं, बाई नाही. रामली वाचली. मूल वाचलं नाही.

तबिथाबाई परत आली ती उन्हात चालत, धुळीनं भरलेली. मी ओसरीवरच होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "रामलीचं मूल गेलं. तुम्हाला शोधत आले होते."

ती पिशवीसकट खाली बसली. रडली नाही. तशीच उठून तांड्याकडे गेली आणि दिवस मावळायच्या सुमाराला आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आठ दिवस जात होती. स्वतःच्या हातांनी रामलीचं अंग चोळत होती, असं मागाहून कळलं.

तक्रार तांड्यानं केली नाही, पाटलांनी केली. बाई जागेवर नसते, विचारल्यावर उत्तर देत नाही, तिच्यामुळं एक जीव गेला. पाटलांचा कारकून आधी रामलीच्या नवऱ्याकडे अंगठा घ्यायला गेला. तो म्हणाला, "बाई माह्या घरी आठ रोज बसली. तुमच्यातलं कोणी आलं का?" आणि अंगठा दिला नाही.

मग कारकून माझ्याकडे आला. शिकलेल्या माणसाची सही पाहिजे होती.

मी सही केली. नुसती सही नाही, माझ्या अक्षरात निवेदन लिहून दिलं. अमुक दिवशी ती जागेवर नव्हती, कुठं गेली हे शेजारी असूनही मला सांगितलं नाही, लोक आले तेव्हा कुलूप होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. लिहिताना मला त्याचाच आनंद झाला होता: तुझ्यासारखंच बघ, एक शब्द खोटा नाही.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा चौकशीला साहेब आले. शाळेत टेबल मांडलं. बाजूला पाटील खुर्चीवर, गाव व्हरांड्यात. तबिथाबाईला बाकावर बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून विचारलं, "बाई, तुमचं काम चांगलं आहे. माझ्याकडं कागद आहेत. फक्त ते दोन दिवस कुठं होतात ते सांगा. कुणी आजारी होतं? काही कारण असेल तर मी इथंच हे मिटवतो."

तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली.

"कुठं होतात?"

"ते सांगणार नाही, साहेब."

"सांगण्यासारखं नाही?"

"सांगण्यासारखं हाय. पण माझं नाही ते."

व्हरांड्यात कुजबुज झाली. पाटील म्हणाले, "आता याच्यावरून काय समजाचं ते समजा, साहेब. एकटी बाई, दोन दिवस गायब. आमच्या गावात लेकीबाळी हायेत."

मी तिच्याकडे पाहत होते. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. हातानं बाकाची पाठ इतकी घट्ट धरली की बाक हलला. ती पाटलांकडे वळली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता ही बोलणार. त्या सुइणीला बोलली तसं. पाटलांची नजर एकाएकी खाली गेली, आणि ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"बस तिथंच," ती दातांतून म्हणाली.

"काय?" साहेब म्हणाले.

"तुम्हाले नाही म्हटलं, साहेब."

लोक हसले. मीही हसले. साहेबांनी कागद बांधले.

भाद्रपद संपता संपता बदलीचा हुकूम आला. ढाणकीच्या बाजूला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या कामाच्या कागदावर शेरा लागला तो वेगळाच.

ती निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी परसात भेंडी तोडत होते. कुंपणाशी पाटलांची कमळा उभी. पाटलांची ही धाकटी मुलगी, एकोणीस वर्षांची. लग्नानंतर दीड वर्षानं नवरा गेला आणि ती माहेरी परत आली होती. मागच्या हिवाळ्यात चार-पाच महिने तिला मामाकडे पाठवलं होतं, हवापालटाला. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता.

"बाई, तब्येतबाई जाऊन राह्यल्या म्हणते. खरं हाय का?"

"उद्या सकाळच्या मोटारीनं."

"मले त्यांच्याकडे येता येत नाही. घरचे पाहतात. तुम्ही त्यांना एक विचारान का?"

"काय?"

ती कुंपणाचा काटा बोटानं दाबत राहिली. मग म्हणाली, "तो कसा हाय, एवढंच विचारा."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग ती बोलली. भराभर, खाली पाहून, कुणी येईल या भीतीनं. पोळ्याच्या वेळी तिला तिसरा महिना होता. कुणापासून, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. करंज्यांचं ताट घेऊन आई गेली होती ती औषध मागायला. तब्येतबाईनं औषध द्यायला नाही म्हटलं. पोरीला माझ्यासोबत द्या, मिशनच्या दवाखान्यात नेते, दोघंही जगतील, म्हणाली. आईनं विहीर बंद केली. "आणि त्याच्याच आठ दिवसांनं, बाई, माही माय आमराईत त्यांच्या पाया पडाले गेली. दुसरं कोणीच नव्हतं ना. त्यांच्या डोक्यावर तवा नाल्याच्या पाण्याची घागर होती. घागर खाली ठेवून त्यांनी मायले उठवलं, हो म्हटलं. विहीर मात्र बंदच ठेवली, गावाले संशय नको म्हणून."

मामाकडे ती गेलीच नव्हती, मिशनच्या दवाखान्यात होती. आणि होळीच्या वेळी तिचे दिवस भरले तेव्हा तिकडून तार आली, ती तबिथाबाईला.

"मी लय भेली होती. त्यांनी दोन्ही दिवस माहा हात सोडला नाही. पोरगा झाला. मले घरी यायचं होतं ना, म्हणून तो तिथंच, मिशनच्या अनाथ लेकरांच्या घरात ठेवला." तिनं पदर तोंडातून काढला. "मी म्हटलं होतं, माहं नाव तुमच्या तोंडून निघालं तर मी विहिरीत जीव देईन. त्या म्हणल्या, नाही निघणार. मंग चौकशीच्या रोजी माहा बाप जे बोलला ते मी घरी ऐकलं. आता तरी त्या सांगतीन, असं मले वाटलं. मी दिवसभर वाट पाहत बसली, कवा लोक येतीन म्हणून."

ती गेली. माझ्या ओच्यात भेंडी होती, ती मी तिथंच टाकली. भिंतीपलीकडे तबिथाबाई सामान बांधत होती, पेटी ओढल्याचा आवाज येत होता. दोन पावलांवर ती होती. त्या संध्याकाळी मला तिच्या दारात जाता आलं नाही.

सकाळी गेले ती फाट्यावर. चार मैल चालत. मोटार आली होती, माणसं चढत होती. तांड्यातल्या सात-आठ बायका तिला पोहोचवायला आल्या होत्या, त्यांत रामलीही होती. गावातलं कुणी नव्हतं. तबिथाबाई खिडकीशी बसली होती. मला पाहून तिचा चेहरा आवळला.

"आता काय राह्यलं, बाई?" ती म्हणाली.

मी खिडकीखाली गेले आणि हळू म्हटलं, "कमळानं विचारलंय. तो कसा आहे."

ती माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मी फसवायला आले का, हे ती तपासत होती. आणि त्यात तिची चूक नव्हती.

"तिनं सांगतलं तुम्हाले?"

"काल. स्वतः."

"कोणाले बोलल्या?"

"नाही."

"बोलू नका." मग जरा थांबून, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "दात आले म्हणा. खालचे दोन."

"नाव काय ठेवलं?"

"नाव नाही सांगणार. नाव समजलं तर ती सारा दिवस तेच घोकत बसन, आणि एका दिवशी कोणी ऐकन. दात आले म्हणा."

ड्रायव्हरनं हँडल फिरवलं. मोटार धडधडायला लागली. मला जे बोलायचं होतं ते मी चालताना चार मैल जुळवत आले होते. त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "तबिथाबाई, ते निवेदन मीच लिहिलं होतं. मला माफ करा."

"अक्षर ओळखलं होतं मी." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुमचा मले फार राग येते, बाई. त्या पाटलापेक्षा जास्त. त्याले लपवाचं होतं. तुम्हाले काहीच नव्हतं."

"म्हणजे माफ नाही केलं?"

"नाही." मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, थकलेले. "करून राह्यली. रोज सकाळी करते, आणि दुपारपर्यंत पुन्हा जसंच्या तसं. आज तर तुम्हाले पाहून सारंच पुन्हा लागलं. जा तुम्ही."

आणि हात वर करून तिनं खिडकीची ताडपत्री सोडली, माझ्या तोंडासमोर, खालपर्यंत. आतून तिची दोरी बांधताना तिच्या बोटांची हालचाल ताडपत्रीवर दिसली. मग मोटार निघाली. तांड्यातल्या बायका तिच्यामागं थोडं धावल्या. मी जागेवरच उभी राहिले, आणि धूळ बसल्यावर कमळाला दोन दातांचं सांगायला गावाकडे वळले.